मोगऱ्याला आता झोपू द्या

अमळनेरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आवरून, पण त्यांच्याच शब्दांत देतो.

"नाना, नमस्कार. श्रावणात माझ्या सासूबाई गेल्या. घराभोवतीची बाग सगळी त्यांचीच. त्या होत्या तोवर मला कधी मातीत हात घालावा लागला नाही. आता त्यांचं एकही झाड माझ्या हातून जायला नको, या धास्तीने मी रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालते. तरीही झाडं मान टाकतात. तुळशीचं लग्न नेहमीसारखं लावलं, आणि चार दिवसांत तिची पानं गळायला लागली. लिंबाची कोवळी पानं पिवळी पडलीत. शेजारचे म्हणतात, युरिया टाका. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी बसलंय. गुलाब नुसतेच उंच झालेत. वांग्याची दोन झाडं आहेत, त्यांचे शेंडे सुकतात. फाटकाजवळच्या शेवंतीला दिवाळी सरली की कळ्या धरायच्या. यंदा ती हिरवीगार आहे, पण कळीचा पत्ता नाही. नवरात्रात फाटकावर नवा दिवा बसवला, बाकी तिथे काहीच बदललेलं नाही. सासूबाई कार्तिकी झाली की मोगऱ्याचं पाणी तोडायच्या. 'मोगराले आते निजू दे,' म्हणायच्या. मला वाटायचं, वय झालं, विसरतात. मी गुपचूप तांब्याभर घालून यायची. फडताळात राखेत ठेवलेल्या बियांची एक बाटली सापडली आहे. काही बिया काळ्या, चपट्या, गुळगुळीत. काहींच्या कडेला पांढरी रेघ. कशाच्या ते कळत नाही. एक वाफाही रिकामा पडलाय. थंडीच्या तोंडाशी बागेत काय काय करायचं असतं, सांगाल का?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीचं सगळं नंतर. आधी हातातली झारी दोन-तीन दिवस खाली ठेवा. तुमच्या बागेचं निम्मं दुखणं पाण्याचं आहे, आणि ते पाणी कमी पडल्याचं नाही.

बोरीकाठची आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहेच. पावसाळ्यात पायाला किलोकिलोने चिकटते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि ते धरून ठेवते. फुगली की तिच्यातल्या हवेच्या वाटा बुजतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. ती मिळाली नाही की मुळं गुदमरतात, काळी पडतात, आणि गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. मग पायाशी चिखल असूनही वरची पानं तहानल्यासारखी मान टाकतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी घालतो. जास्त पाण्याने आणि कमी पाण्याने झाड अगदी सारखंच दिसतं, म्हणूनच माणूस फसतो.

त्यात ऋतू पालटला. दसऱ्याच्या सुमारास ऑक्टोबरचं ऊन अंग भाजत होतं, तेव्हा कुंडीला रोज पाणी लागतच होतं. आता दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन असलं तरी पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागते, आणि महिनाभरात आपल्याकडे पारा १० च्याही खाली उतरेल. जमीन गार झाली की मुळांचं काम मंदावतं, पानांतून उडणारं पाणीही कमी होतं. झाडाची भूक-तहान निम्म्यावर आलेली असताना आपला हात मात्र अजून ऑक्टोबरच्या सवयीने चालत असतो.

माझ्या हातून असंच एक झाड गेलं आहे. धुळ्याला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी शेतातून मोसंबीचं कलम आणून दिलं होतं. त्या हिवाळ्यात मी रोज कामावर जाण्याआधी त्याला बादलीभर पाणी देत होतो. पौषात ते वाळलं. उपटून पाहिलं तर मुळांची साल बोटाने निघून येत होती आणि खड्ड्याच्या तळाशी पाणी उभं होतं. वडील काही बोलले नाहीत, फक्त ढेकूळ हातात घेऊन दाबून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. ते आजही आठवलं की वाईट वाटतं. तुम्ही घाबरून पाणी घालताय, हे मी चांगलं समजू शकतो.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, तो तुम्ही ओळखायला शिका, म्हणजे बागेतलं बरंच काही आपोआप सुटेल. बोटभर खोलीवरची माती काढा, मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडा. गोळा पसरून चिकटला तर ओल जास्त आहे, पाण्याचं नाव काढायचं नाही. गोळाच होत नसेल, माती भुगा होऊन गळत असेल तर पाणी हवं. गोळा झाला, पण पडल्यावर हलकेच फुटला तर वाफसा आहे. खुरपणी, पेरणी, खत घालणं, जे काही करायचं ते या अवस्थेत करायचं. ओल्या काळ्या मातीत खुरपं घातलं तर ढेकळं दगडासारखी वाळतात आणि पुढे महिनाभर छळतात.

कुंडीत याच कामासाठी तर्जनी दोन पेरांपर्यंत खुपसा. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. एवढं केलंत तर तुमच्या लक्षात येईल, की कुंड्यांना दोन-तीन दिवसांआड पुरतं आणि जमिनीतल्या झाडांना आठवड्या-दहा दिवसांनी. हे आकडे घड्याळासारखे पाळू नका, बोटावर विश्वास ठेवा. पाणी सकाळी ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास द्या. संध्याकाळचं पाणी या दिवसांत पूर्ण बंद. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीला आयतं रान मिळतं.

आता मोगरा. तुमच्या सासूबाई विसरत नव्हत्या. आपल्याकडे फळबागेला बहार धरायच्या आधी ताण देतात, लिंबू-डाळिंबवाले पाणी तोडून झाड विश्रांतीला पाठवतात. तुमच्या सासूबाई मोगऱ्याला तेच करत होत्या. मोगरा उष्णतेचा भुकेला. थंडीत तो वाढत नाही, आणि वाढ नसताना पाणी-खत मिळालं तर नुसती कोवळी, कच्ची पालवी काढत बसतो, तीही थंडीने करपते. पाणी तोडलं की पानं पिवळी पडून थोडी गळतात आणि फांदी पक्की होते. त्या पिवळ्या पानांना घाबरू नका. जमिनीतल्या मोगऱ्याला जानेवारी सरेपर्यंत काही देऊ नका. काळ्या मातीतली ओल त्याला पुरते. कुंडीत असेल तर मुळं अगदी कोरडी पडू नयेत म्हणून आठ-दहा दिवसांनी तांब्याभर, बस. तुम्ही गुपचूप घालत होतात तेवढाच तांब्या, फक्त इतक्या दिवसांनी.

जानेवारीच्या शेवटी, पहाटेचा बोचरा गारवा ओसरू लागला की मोगऱ्याची छाटणी करा. वाळक्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळातून काढा, बाकीच्या वरून निम्म्याजवळ कापा, उरलेली पानं हाताने ओरबाडून टाका. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून माती हलवा, दोन घमेली कुजलेलं शेणखत घाला आणि मग भरपूर पाणी द्या. होळीच्या सुमारास कळ्या दिसू लागतील. चैत्रात देवाजवळ ठेवायला वाटीभर फुलं निघतील, आणि ती या आताच्या उपाशी दिवसांची असतील.

शेवंतीचं कोडं तुमच्या पत्रातच सुटलेलं आहे. तुम्ही लिहिलंत, "नवा दिवा बसवला, बाकी काहीच बदललेलं नाही." तो दिवाच कारण आहे.

शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली, सलग काळोख मिळाला, की तिला फुलण्याची वेळ कळते. आपल्याकडे ज्येष्ठात दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, तो डिसेंबरात जवळपास अकरावर येतो. दिवाळीच्या आसपास ही लांब रात्र तिला मिळते आणि ती कळ्या धरते. तुमच्या फाटकावर रात्रभर दिवा जळतो. शेवंतीच्या लेखी अजून पावसाळ्याचेच दिवस चालू आहेत, म्हणून ती पानं काढत सुटली आहे. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिचा हिशेब चुकतो. फुलांची शेती करणारे याचाच उपयोग करतात. भाव असेल त्या दिवसांत फुलं यावीत म्हणून शेवंतीवर मुद्दाम रात्री दिवे लावून तिला थोपवून धरतात.

दिवा अंधार पडल्यापासून सकाळपर्यंत बंद ठेवा. चोरीची भीती असेल तर त्याचं तोंड रस्त्याकडे फिरवा आणि शेवंतीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा. आजपासून सलग काळोख मिळाला तर तीन-चार आठवड्यांत शेंड्याला मोहरीएवढ्या कळ्या दिसतील आणि जानेवारीत फुलं येतील. यंदा उशीर झाला, पण वर्ष वाया गेलेलं नाही. तोवर तिला काठीचा आधार द्या. शेंडे मात्र आता अजिबात खुडू नका. ते काम पावसाळ्यातलं. आता खुडलंत तर कळीच तोडल्यासारखं होईल. फुलं सरल्यावर बुडाशी जी कोवळी पिलं फुटतील ती जपा, पुढच्या वर्षीची शेवंती त्यांच्यातून करायची.

तुळशीबद्दल लिहिताना थोडं जपून लिहितो, कारण हा श्रद्धेचा भाग आहे. लग्नाच्या दिवशी वृंदावनात पंचामृत, दूध, हळद-कुंकू, तेल असं बरंच काही मातीत गेलं असेल. दूध-साखरेने मुंग्या येतात, माती आंबते, तेलाने वरचा थर बुजतो, आणि त्यावर तुम्ही दोन वेळा पाणी घालत होतात. वरची दोन बोटं माती हलक्या हाताने काढून घ्या आणि तिच्या जागी वाळू व जुनं शेणखत मिसळलेली माती भरा. यापुढे अभिषेक तुळशीच्या पुढ्यात ताम्हण ठेवून त्यात करा, मुळाला साधं पाणी. तपकिरी झालेल्या मंजिऱ्या सगळ्या खुडा. बी धरण्यात झाडाची ताकद जाते आणि पानं झडतात. त्या मंजिऱ्या वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा. तुळस थंडीत खंगतेच. खोड लाकडासारखं जाड झालेली दोन-तीन वर्षांची तुळस असेल तर ती या थंडीत जाईलही, त्याचा दोष स्वतःला लावू नका. माघात थंडी सरल्यावर हेच बी पेरलं की तिचीच लेकरं उगवतील.

तुळस उन्हात आहे ना, तेही बघा. श्रावणात जिथे लख्ख ऊन होतं तिथे आता सावली असू शकते. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरच्या शेवटी तो दक्षिणेकडे इतका कलतो, की दहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी बाराला उत्तरेकडे सुमारे दहा फूट पडते. तुमचं अंगण घराच्या उत्तरेला असेल तर अर्ध्या बागेवर दिवसभर घराचीच सावली असणार, आणि तिथली माती आठवडाभर वाळणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता अंगणात जा आणि सावली कुठवर येते तिथे खडूने रेघ मारा. ज्या कुंड्या रेघेच्या आत आहेत त्या उन्हात सरकवा, आणि खाली विटेचे दोन तुकडे ठेवा, म्हणजे गार फरशीवर तळ ओला राहणार नाही. रिकामा वाफा उन्हात येतो की नाही, तेही याच रेघांवरून कळेल.

लिंबाला युरिया टाकू नका. शेजाऱ्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल, पण युरियातून मिळतं ते नत्र, आणि नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. तुमची कोवळी पानं पिवळी आहेत. नीट बघा, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी पडतंय. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे झाडाला घेता येत नाही, आणि सततच्या ओलीने हे आणखी बिघडतं. म्हणजे इथेही पहिलं औषध पाणी कमी करणं हेच. सोबत ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि २.५ ग्रॅम चुन्याची निवळी एक लिटर पाण्यात घालून सकाळच्या वेळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. आळं बुंध्याला टेकलेलं असेल तर बुंध्याभोवती मातीची भर घालून पाणी हातभर दूर ठेवा. लिंबाच्या खोडाला सतत ओल लागली की डिंक सुटायला लागतो, आणि ते दुखणं बरं करणं फार जड जातं.

जास्वंदीवरचा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो, आणि त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेऊन वसवतात. त्यामुळे मुंग्यांची वाट मोडल्याशिवाय तो जात नाही. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून टाका. बाकीच्या फांद्या साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि पाण्याचा जोराचा फवारा मारा. मग ५ मिली कडुनिंबाचं तेल, चमचाभर पातळ साबण आणि लिटरभर पाणी असं मिश्रण ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. संध्याकाळी पानं ओली नकोत हे मी वर लिहिलंच आहे, पण हे तेल भर उन्हात मारलं तर पान भाजतं, म्हणून एवढा अपवाद. आठ-आठ दिवसांनी तीनदा करावं लागेल, एकदा करून सोडलंत तर तो परत येईल. जास्वंदीची मोठी छाटणी मात्र माघाशिवाय नको.

गुलाबाला उशीर झालाय. छाटणीचा चांगला मुहूर्त कोजागिरी ते दिवाळी. तरी या आठवड्यात केलीत तर साधेल. वाळक्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढा. उरलेल्या जोमदार चार-पाच फांद्या गुडघ्याएवढ्या ठेवा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर, तिरका. कलमाच्या गाठीखालून जे फुटवे येतात ते रानटी असतात, ते मुळातून उपटा; कदाचित तुमचे "नुसतेच उंच" गुलाब तेच असतील. कापलेल्या तोंडांना बोर्डो पेस्ट लावा. मोरचूद १० ग्रॅम, चुना १० ग्रॅम, पाणी १०० मिली. दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं चालत नाही. छाटणीनंतर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. नव्या पालवीवर पिठासारखी पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा. कोरडे दिवस आणि गार रात्री असल्या की भुरी हटकून येते.

वांग्याचे शेंडे सुकतात ते पाण्यामुळे नाही, तिथे वेगळंच आहे. सुकलेला शेंडा चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडेल. हीच पुढे वांग्यात शिरते. सुकल्या जागेच्या खाली दोन बोटं अंतर सोडून शेंडे कापा आणि जाळा, किडकी वांगीही झाडावर ठेवू नका. दर चार दिवसांनी एवढं केलं तर दोन झाडांना औषध लागणार नाही. आणि ही वांगी आपली पोपटी, लांबट, भरिताची असतील तर एक चांगलं, निकोप फळ बियांसाठी झाडावरच पिवळं होऊ द्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण घराघरातलं बी जपलं नाही तर त्या कागदाचा काय उपयोग? बाकीची चंपाषष्ठीला भाजा. सोबत कळण्याची भाकर आणि मिरचीचा ठेचा करालच.

रिकाम्या वाफ्यात काय घ्यावं, हा सगळ्यात आनंदाचा प्रश्न. बाकीची निम्मी बाग झोपायला निघाली असताना पालेभाज्यांना याच दिवसांत जाग येते. वाफसा आला की माती खणून दोन दिवस उन्हात टाका, ढेकळं फोडा, शेणखत मिसळा. खत पुरतं कुजलेलं, मातीसारखा वास येणारं हवं. ताज्या शेणाने वाळवी आणि मुळं खाणारी हुमणी अळी वाफ्यात येते. तीन फूट रुंद आणि वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे पाणी मुळाशी थांबणार नाही. मेथी आणि पालक ओळीत पेरा. मेथी महिनाभरात हाताशी येते. सगळी एकदम पेरू नका, दहा-दहा दिवसांनी एकेक पट्टा पेरलात तर संक्रांतीपर्यंत घरची भाजी पुरेल. धने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मगच पेरा. थंडीत ते उगवायला दहा-बारा दिवस घेतात, तोवर वाफा उकरून बघायचा मोह आवरा. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून बोटभर खोल, चार-चार बोटांवर लावा. कडेने मूठभर हरभरा टाका. वीतभर झाला की शेंडे खुडा, तेवढ्याने त्याला फांद्या फुटतात आणि खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते. तिची आंबट चव बाजारातल्या जुडीला येत नाही.

गाजर यंदा नको. आपल्या जड मातीत ती फाटे फुटून वेडीवाकडी होते, पुढच्या वर्षी वाळू मिसळून बघू.

तुळशीच्या लग्नाचे ऊस आणि केळीचे खांब अजून टाकले नसतील तर ठेवा. केळीचे खांब बारीक कापून खड्ड्यात वाळक्या पानांबरोबर थर द्या, वर ताकाचं पाणी शिंपडा, पोत्याने झाका. थंडीत कुजायला वेळ लागतो, पण उन्हाळ्याआधी पालाश (पोटॅश) असलेलं चांगलं खत तयार होईल. उसाचं पाचट गुलाब आणि लिंबाच्या आळ्यात पसरा, खोडापासून वीतभर लांब. शेतातून कपाशीच्या पऱ्हाट्या कुणी आणून दिल्या तर बोंडं लागलेल्या घेऊ नका, गुलाबी बोंडअळी त्यांच्यात दडलेली असते. पाला जाळू नका, एवढंच कळकळीने सांगतो. संध्याकाळी गल्लोगल्ली पाल्याचे ढीग पेटलेले दिसतात तेव्हा मला त्यात पुढच्या वर्षीची माती जळताना दिसते.

थंडीची लाट आली, रावेर-यावलकडे केळीवाले रात्री बागेत धूर करायला लागले असं कानावर आलं, की तुम्हीही कोवळ्या रोपांवर रात्री जुनं लुगडं किंवा पोतं पांघरा आणि सकाळी उन्हाबरोबर काढून घ्या.

राहिली ती बाटली. काळ्या, चपट्या, गुळगुळीत बिया गिलक्याच्या आहेत. खरबरीत, खाचा असलेल्या काही मिसळलेल्या दिसल्या तर त्या दोडक्याच्या. पांढऱ्या रेघेच्या वालाच्या. ती रेघ बघितली की दुसरं काही असू शकत नाही. यातलं काहीही आता पेरू नका. वेलवर्गीय बी गार मातीत उगवत नाही, कुजून जातं. वालाचेही पेरायचे दिवस पावसाळ्यातले, तोही शेवंतीसारखा लहान दिवसांत फुलणारा.

पण बी जिवंत आहे का, ते आत्ता बघता येईल. गिलक्याच्या दहा बिया मोजून घ्या, रात्रभर कोमट पाण्यात ठेवा आणि सकाळी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून चुलीच्या किंवा गॅसच्या शेगडीच्या उबेला, ओट्यावर ठेवा. फडकं वाळू देऊ नका. आठ-दहा दिवसांत दहातल्या सहा-सात बियांना मोड आले तर बी उत्तम आहे. बाकीच्या बिया पुन्हा राखेत भरा, दोन कडुनिंबाची वाळकी पानं टाका आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवा: कसलं बी, कोणी धरलं, कोणत्या वर्षी. गिलके फेब्रुवारीच्या मध्यावर पेरा, वाल पहिल्या पावसावर. मोड आलेल्या त्या सहा-सात बिया फेकू नका. एका कुंडीत लावून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, उबेत ठेवा. एखादी जरी तगली तरी होळीपर्यंत वेल खिडकीच्या गजाला लागेल.